विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि आपल्या घरातील कागद

(वडनेर, जि. वर्धा येथील बौद्ध बांधवांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वडनेरसारख्या कापूस पिकविणाऱ्या गावी येऊन विद्यापीठातील ग्रंथपालाच्या कामावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. शेतीचे, शिक्षणाचे, नोकरीचे, जातपडताळणीचे प्रश्न आपल्यापुढे उभे असताना वकिलाने कायदा सोडून पुस्तकांच्या कपाटांविषयी का बोलावे? त्याचे उत्तर मी प्रथमच देतो. सत्य कितीही उघड असले तरी पुरावा नसेल तर न्यायासनापुढे ते पांगळे ठरते, हे माझ्या व्यवसायाने मला शिकविले. जे एका माणसाच्या हक्काबाबत खरे, तेच समाजाच्या इतिहासाबाबतही खरे आहे. हा इतिहासाचा पुरावा जो जपतो आणि मागेल त्याच्या हाती देतो, तो ग्रंथपाल होय.

काही वर्षांपूर्वी एक वयस्क विधवा भगिनी माझ्याकडे आल्या. पतीच्या निधनानंतर नातलगांनी त्यांचा विवाहच नाकारला होता. लग्न आपल्या बौद्ध पद्धतीने लागलेले. नोंदणी नाही, छायाचित्र नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने झालेला असावा लागतो. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी नेमका तोच प्रश्न उपस्थित केला. होम नाही, सप्तपदी नाही. मग तुमचा हा विधी रूढ केव्हा झाला? दोन साक्षीदार होते, दोघेही सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या तोंडी साक्षीला आधार म्हणून, त्या काळी आपल्या वस्त्यांतून लग्ने कशी लागत, हे दाखविणारा त्याच काळचा छापील कागद मला हवा होता.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो आणि सवयीप्रमाणे कायद्याच्या कपाटापाशी उभा राहिलो. तेथे काही मिळेना. शेवटी संकोच सोडून ग्रंथपाल बाईंना विचारले. त्यांनी पुस्तकाचे नाव विचारले नाही. असा कागद कोणत्या दशकातला असेल, कोणत्या भागातला, आणि तो कोणी छापला असेल, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. मग त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. एका निवृत्त शिक्षकाच्या कुटुंबाने दिलेले पुस्तिकांचे गाठोडे तेथे होते. विदर्भातील भीमगीतांवर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी त्यांनी त्याची यादी केली होती, म्हणून त्यांना ते ठाऊक होते. त्यात वंदना व विवाहविधीच्या तीन लहान पुस्तिका निघाल्या. मुद्रणालयाचे नाव आणि छपाईचे वर्ष दोन्ही त्यांवर स्पष्ट होते. त्या पुस्तिकांनी दावा जिंकून दिला असे मी म्हणणार नाही. मुख्य आधार साक्षीदारांचाच होता. परंतु हा विधी काल-परवा कोणी रचला, हे म्हणणे त्या दिवशी बंद झाले. विवाह सिद्ध झाला.

आता आपण विचार करा. गीतांच्या अभ्यासासाठी केलेली यादी एका विधवेच्या हक्कासाठी उपयोगी पडली. इतिहास, भाषा, साहित्य, धर्म, तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासास मानव्यविद्या म्हणतात. ही विद्या पोटाला काय देते, असे विचारणारे लोक आहेत. त्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

मानव्यविद्येच्या संशोधकाची गरज विज्ञानाच्या संशोधकाहून वेगळी असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुधा नवीनातले नवीन लेखन लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुने लागते. जुन्यातही पहिली आवृत्ती, मूळ पत्र, वर्तमानपत्राचा तोच अंक लागतो. त्याला जाहिरातही लागते, सभेचे हस्तपत्रकही लागते. कोणते पान उद्या मोलाचे ठरेल हे आज कोणासही सांगता येत नाही. म्हणून विद्यापीठाचा ग्रंथपाल केवळ पुस्तके देण्याघेण्याचे काम करीत नाही. तो निवड करतो, नोंद करतो, वर्गवारी लावतो, कागद कुजू नये म्हणून झटतो, आपल्याकडे नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतो, आणि संशोधकाचा अस्पष्ट प्रश्न त्याच्याच तोंडून स्पष्ट करून घेतो.

या कामाला आपल्या देशात शास्त्राचे रूप देणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, इंग्लंडात जाऊन त्यांनी हे शास्त्र शिकून घेतले आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक कुलपात जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, आणि कोणताही वाचक आपल्या पुस्तकावाचून परत जाता कामा नये, असा त्यांतील पहिल्या दोन सूत्रांचा आशय आहे. ज्या देशात विद्येचा अधिकार जन्मावरून ठरत असे, त्या देशात हे दुसरे सूत्र केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचा कोश रचला, आणि तो १९९८ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड म्हणून प्रसिद्ध झाला.

बाबासाहेबांची विद्वत्ता आपण सारे मानतो. पण ती कोणत्या सामग्रीवर उभी राहिली, इकडे आपले लक्ष जात नाही. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुस्तकांचे दशांश वर्गीकरण १८७६ साली काढणारे मेल्व्हिल ड्यूई यांनी याच विद्यापीठात १८८७ साली ग्रंथपालांसाठी शाळा काढली होती. (बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई हे निराळे.) बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांनीही आपल्या राज्यात ग्रंथालये उभारण्यासाठी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले होते. १९२० नंतर लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिस यांच्या ग्रंथालयांत बाबासाहेब दिवसच्या दिवस बसत. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, पार्लमेंटचे कागद यांतून त्यांनी आपले मुद्दे सिद्ध केले. ब्रिटिशांच्या कारभारावर ब्रिटिशांच्याच कागदांनी आरोप ठेवता आला, याचे कारण ते कागद पिढ्यान् पिढ्या कोणीतरी क्रमाने लावून ठेवले होते. त्या ग्रंथपालांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, परंतु त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

ग्रंथ नष्ट होण्याचे दुःखही बाबासाहेबांनी भोगले होते. १९१७ साली परत येताना त्यांचे सामान व पुस्तके निराळ्या बोटीने येत होती. महायुद्धात ती बोट बुडविली गेली. पुढे दादरला त्यांनी राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि बाबासाहेबांच्या संग्रहातील असंख्य ग्रंथ तेथे गेले. तेथील ग्रंथपाल रेगे यांचा पुस्तकांच्या निमित्ताने बाबासाहेबांशी निकटचा संबंध आला. आपला ग्रंथसंग्रह आपल्यापाशीच राहावा असे वाटणारा हा महापुरुष तो विद्यार्थ्यांच्या हाती देतो, यातला बोध आपण घेतला पाहिजे.

परंतु त्यांच्या हस्तलिखितांचे काय झाले? ६ डिसेंबर १९५६ नंतर दिल्लीतील त्यांच्या कागदपत्रांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि ते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिले. काही कागद १९६७ साली घराच्या अंगणात पडून पावसात भिजले, असे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी नोंदविले आहे. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली आणि नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल खात्यात नोकरी केलेले वसंत मून यांच्या हाती संपादनाचे काम आले. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. म्हणजे महापरिनिर्वाणापासून बावीस वर्षांहून अधिक काळ लोटला! मून हे पदवीने ग्रंथपाल नव्हते. पण पाने जुळविणे, प्रती ताडून पाहणे, हरवलेल्या पानाचा माग काढणे हे ग्रंथपालाचेच काम त्यांनी २००२ साली मृत्यू येईपर्यंत केले. छापणेसुद्धा आपोआप होत नाही. खंडांच्या छपाईचे काम रखडल्याच्या बातमीची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास स्वतःहून घ्यावी लागली. ज्यांच्यामागे कोट्यवधी अनुयायी उभे आहेत, त्यांच्या कागदांची ही कथा. मग आपल्या आजोबांच्या कागदांची काय कथा?

कागद जपला तरी तो सापडला पाहिजे, आणि सापडणे हे सूचीवर अवलंबून असते. दशांश वर्गीकरणात बौद्ध धर्माचा क्रमांक २९४.३ आहे. आता १९५६ च्या धर्मांतरावरील एखादी पुस्तिका ग्रंथपालाने कोठे ठेवावी? धर्मात, समाजशास्त्रात, की राजकारणात? पुस्तक एकाच जागी राहील. परंतु चांगला ग्रंथपाल सूचीत तिन्ही विषयांखाली नोंद करून संशोधकाला तिच्याकडे नेतो. नोंद केली नाही तर पुस्तिका इमारतीत असूनही हरवलेलीच.

यात नावाचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने ठरविलेली विषयनामे जगातील अनेक विद्यापीठे वापरतात. त्या नामावलीत आपल्या समाजावरील पुस्तके दीर्घकाळ ‘अस्पृश्य’ या अर्थाच्या शब्दाखाली लागत. आपल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. सूचीतला शब्द मात्र पुढे कित्येक वर्षे टिकला. आज तेथे ‘दलित’ हे नाव आहे. ग्रंथालयाच्या सूचीत आपणांस कोणत्या नावाने हाक मारली जाते, हाही मानवी प्रतिष्ठेचाच प्रश्न आहे, आणि तो सोडविणारा अधिकारी ग्रंथपाल आहे.

आपल्याच जिल्ह्यात वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ साली स्थापन झाले. भाषा, साहित्य, संस्कृती हे त्याचे मुख्य विषय. त्याच्या ग्रंथालयास महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे नाव दिलेले आहे. हे राहुलजी कोण? जन्माने ब्राह्मण, पुढे बौद्ध भिक्षू झालेले विद्वान. भारतातून लोपलेल्या बौद्ध ग्रंथांच्या शोधात ते १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले. आचार्य धर्मकीर्तींच्या ‘प्रमाणवार्तिका’चे मूळ संस्कृत त्यांच्या शोधामुळे पुन्हा प्रकाशात आले. त्यांनी आणलेला संग्रह पाटण्यास ठेवला गेला. जी ताडपत्रे आणणे शक्य नव्हते, त्यांची त्यांनी छायाचित्रे घेतली. आणि कोणत्या विहारात कोणती पोथी आहे याच्या याद्या करून पाटण्याच्या संशोधनपत्रिकेत छापल्या. मठाच्या अंधाऱ्या कोठडीत शेकडो वर्षे पोथी सुरक्षित होती; पण ती जगाच्या उपयोगी पडली ती यादी झाल्यावरच.

आपल्या घरांतील अंधाऱ्या कोठड्यांचे काय? येथे मला स्वतःविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला अभिमान वाटत नाही. माझ्या आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात आपल्या चळवळीच्या पत्रांचे जुने अंक, सभेच्या वर्गणीची वही, आणि लग्न लावताना ते वापरीत त्या पुस्तिका होत्या. मी विधी महाविद्यालयात असताना घराची डागडुजी निघाली. पेटीला वाळवी लागू लागली होती. मी वरवर चाळले आणि सारे रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. आई म्हणाली, “बाबांचं आहे रे, राहू दे.” मी शिकलेला होतो, मी ऐकले नाही. पुढे त्या विधवा भगिनीच्या दाव्यात ज्या पुस्तिकेसाठी मी खेटे घातले, तशाच पुस्तिका मी स्वतःच्या हाताने विकल्या होत्या. एका अनोळखी शिक्षकाच्या कुटुंबाने जे शहाणपण दाखविले, ते मला पदवीच्या शिक्षणाने आले नव्हते.

म्हणून आपणांस, विशेषतः ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली त्या कुटुंबांना, माझे सांगणे आहे. आपले निर्णय, आपल्या बैठका, गावाने केलेला विरोध किंवा दिलेली साथ, हा आज घडत असलेला इतिहास आहे. दीक्षेचे पत्रक, निमंत्रण, सभेची वही, पाळण्याचे वा लग्नाचे गीत, आजीने सांगितलेली हकिकत, यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नका. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयास आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांस पाठविल्या पाहिजेत. परंतु गावच्या मंडळाने काढलेले हस्तपत्रक कोण पाठविणार? ते आपल्याच घरात जगते आणि आपल्याच घरात मरते.

आता वकील या नात्याने काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली : जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवू नका, टाचण्या काढून टाका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. कागद कोणाचा, कोठला, केव्हाचा, हे निराळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा; मूळ कागदावर काही लिहू नका.

दुसरी : हक्काचे दस्तऐवज आणि इतिहासाचे कागद वेगळे करा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचाही त्या यादीतील हक्क मान्य झाला. तरी पुरावा द्यावाच लागतो. तेव्हा शाळेचा जुना दाखला, कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, जमिनीचा कागद, हे मूळ स्वरूपात घरीच ठेवा. ग्रंथालयास हवी तर प्रत द्या.

तिसरी : ग्रंथालयास काही देताना यादीच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. संग्रह सर्व वाचकांना खुला राहील आणि कुटुंबाला न कळविता तो मोडीत काढला जाणार नाही, हे लेखी मागा. मूळ देण्याची इच्छा नसेल तर त्याची छायाप्रत करून घेण्याची विनंती करा.

चौथी : कागदाची मालकी आणि लेखनावरील हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. वही ग्रंथालयास दिली म्हणून आजोबांच्या लेखनाचा हक्क गेला असे होत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क साधारणतः लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ त्यामुळेच २०१७ च्या आरंभापासून सर्वांना छापण्यास मोकळे झाले.

आपण केवळ देणारेच व्हावे असे मी म्हणत नाही. मागणारेही झाले पाहिजे. आपली मुले-मुली महाविद्यालयात जातात, पण ग्रंथपालाच्या टेबलापर्यंत जात नाहीत. आपला प्रश्न अडाणीपणाचा ठरेल अशी भीती त्यांना वाटते. मीही ती भीती अनुभवली आहे. प्रश्न विचारणाऱ्याची वाट पाहणे हेच ज्याचे काम, त्याला प्रश्न विचारण्यात कसला संकोच? आज ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशातील विद्यापीठांचे असंख्य प्रबंध विनामूल्य वाचता येतात. वडनेरची मुलगी घरी बसून हातातल्या फोनवर ते उघडू शकते. पण त्या लाखो पानांत आपले पान कसे शोधावे, हे शिकविण्यास माणूसच लागतो. म्हणून आपल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनिअर व्हावे तसे ग्रंथपालही व्हावे. कोणते गाठोडे उघडायचे आणि कोणत्या नावाने नोंदवायचे हे ठरविणाऱ्या खुर्चीवर, ते गाठोडे ज्या घरांतून आले त्या घरांतील माणसेही बसली पाहिजेत.

शेवटी एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढा. घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवा आणि प्रत्येक कागद कशाचा आहे ते विचारून यादी करा. हिंगणघाटला वा वर्ध्याला जाणे होईल तेव्हा ती यादी घेऊन ग्रंथपालांना भेटा. माझ्या आजोबांची पेटी मला परत मिळणार नाही. आपली पेटी अजून आपल्या घरात आहे.

जय भीम.